धूमकेतू निरीक्षण : शनिवारी पहाटे

सभासदहो, शनिवारी पहाटे ४ वाजता नेहमीच्या माळावर जमू. विजेरी लाल कागद लावूनच आणा.

– तेजस्विता : धूमकेतू नीट फोकसमध्ये पाहून लक्षात ठेवा. मग शेजारचे तारे त्याच्या डोक्याएवढे फुगेपर्यंत फोकस बिघडवा आणि तुलना करा. मागच्या वेळी निम्म्यांनी उलटंच केलं! प्रत (तेजस्वितेचा आकडा) ०.१ पर्यंत लिहा. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका, आकडे आपोआप जुळायला लागतात.
– वायू : धूमकेतूची हिरवी झाक द्विअणू कार्बनची (दोन अणूंचा रेणू, C₂). ५१४ नॅनोमीटरचा (हाच हिरवा प्रकाश जाऊ देणारा) फिल्टर असलेल्यांनी त्यातून आणि त्याशिवाय, दोन्ही फोटो घ्यावेत.
– स्थान : फोटोची वेळ सेकंदासह, जागतिक वेळेत (UT, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा). घड्याळ आधी जुळवा.

नोंदी रविवार संध्याकाळपर्यंत द्या. ढग असल्यास रात्रीच कळवू.