व्हीलचेअर वाटली, पण तिचं रेक्झिन कोण बदलणार?

महोदय,

विक्रोळीत माझं रिक्षांच्या सीट-हूडचं दुकान आहे. अलीकडे रिक्षांच्या रांगेत व्हीलचेअरही येऊ लागल्या आहेत. घरच्यांची तक्रार बहुतेक एकच असते, "दुकानदार म्हणतो, नुसते हात (आर्मरेस्ट) सुटे मिळत नाहीत, खुर्चीच नवी घ्या." पाइप शाबूत, चाकं शाबूत, ब्रेकही लागतो, आणि दोन वीतभर गाद्यांपायी खुर्ची भंगारात. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन आला किंवा निवडणूक जवळ आली की खुर्च्यावाटपाचे फोटो छापून येतात. त्या खुर्च्यांचं पुढे काय होतं, ते आमच्यासारख्यांना दिसतं.

आर्मरेस्ट म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. प्लायची पट्टी, वर फोम, त्यावर ताणून पिना मारलेलं रेक्झिन आणि खालून पाइपमधून येणारे दोन स्क्रू. मुंबईत घामाने आणि सतत चोळलेल्या सॅनिटायझरने रेक्झिन कडक होऊन तडकतं. त्या तड्यांतून पावसाचं पाणी फोममध्ये उतरतं, प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटतात आणि स्क्रूला धरायला काही उरत नाही. मध्यंतरी आलेल्या एका पॅडच्या भोकांत कोणीतरी काड्यापेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरला होता. वरून घट्ट वाटायचा, पण जोर दिला की गर्रकन फिरायचा. मणक्याला मार बसलेला माणूस याच हातांवर भार टाकून थोड्या थोड्या वेळाने बूड उचलतो, म्हणून जखमा टळतात. पलंगावर सरकतानाही भार तिथेच येतो. तेव्हा पॅड फिरला तर माणूस थेट खाली.

बैठकीच्या कापडाकडे तर कोणी बघतही नाही. दोन पाइपांत ताणलेलं ते कापड वापरून सैल पडलं की मधोमध झोळी होते. मांड्या आत वळतात, कंबर कलते आणि हाडं टेकतात तिथे कातडी जाते. वर उशी टाकून भागत नाही, कारण उशीही त्याच झोळीत बसते. कापड नवंच घालावं लागतं, आणि सोफ्याचं रेक्झिन तिथे चालत नाही. मी जाड कॅनव्हास किंवा नायलॉन घेतो, खालून निवारपट्टी, कडेला डबल शिलाई. शिलाई बुडाखाली येऊ द्यायची नाही, नाहीतर तीच टोचते. स्क्रू जुन्याच भोकांत बसवायचे. काही जण पाइपला नवी भोकं पाडतात, त्याने पाइप कमजोर होतो. ज्यांना आधीच जखम झाली आहे, त्यांना मी काम न घेता हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत दाखवायला सांगतो. जखमेपुढे माझ्या सुईदोऱ्याचं काम नाही.

दिव्यांगांना अशी साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मागच्या तीन वर्षांत त्याच साधनासाठी मदत घेतलेली नसावी, अशी अट आहे. अट रास्त असेल, पण इकडच्या हवेत रेक्झिन तीन पावसाळे काढत नाही. मग वाटप करतानाच प्रत्येक खुर्चीबरोबर आर्मरेस्टची एक जादा जोडी आणि बैठकीचं कापड का देऊ नये? नव्या खुर्चीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. शिवाय बैठक १६ इंची की १८ इंची आणि आर्मरेस्टच्या दोन भोकांतलं अंतर किती, हे खुर्चीवरच छापावं. हे अंतर कंपनीगणिक बदलतं आणि थोडा जरी फरक पडला तरी तयार पॅड बसत नाही. रुग्णालयांतल्या आणि स्टेशनांवरच्या खुर्च्यांनाही हेच लागू. पालिकेने वॉर्डावॉर्डांत दुरुस्तीचं काम स्थानिक कारागिरांना द्यावं. उपनगरांत नाक्यानाक्यावर सीटवाले आहेत. रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढे जात नाही, म्हणून शहरात आम्ही कमी, पण तिथे गादीवाले आणि चामड्याचं काम करणारे आहेतच.

तोवर घरच्यांनी रेक्झिनला फिनेल, स्पिरिट लावू नये. साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करावं. पावसाळ्याआधी आर्मरेस्टच्या खालचे स्क्रू बघावेत, गंजले असतील तर स्टेनलेस स्टीलचे घालावेत. दुरुस्तीला येताना जुना पॅड फेकून न देता स्क्रूंसकट आणावा, त्यावरून भोकांचं माप निघतं. जमलं तर खुर्ची वापरणाऱ्यालाही बरोबर आणावं. फोम किती जाड घ्यायचा, ते कोपर टेकवून बघितल्याशिवाय कळत नाही.

– एक सीट-कारागीर, विक्रोळी