रोख एकीकडे, वाट दुसरीकडे

वेलदूर, ता. गुहागर
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, “बाबा, जहाज चालवतात त्या ब्रिजवर दोन-दोन जीपीएस आहेत, इलेक्ट्रॉनिक चार्ट आहे, मग करंटचा त्रिकोण अजून पेन्सिलीने का काढायला लावतात?” रेंज सारखी जात होती आणि हे काही तुटक सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. सरावाचा चार्ट (समुद्राचा नकाशा), डिव्हायडर आणि पॅरलल रूलर जवळ घेऊन वाच.

जीपीएस तुला आत्ता कुठे आहेस ते सांगतो आणि बहुतेक वेळा बिनचूक सांगतो. पण पाण्याने ओढून नेल्यानंतर सांगतो. करंट म्हणजे पाण्याची ओढ, आणि तिचा त्रिकोण नांगर उचलण्याआधी काढायचा असतो. पाणी आपल्याला कुठल्या अंगाला नेणार हे आधी कळलं, की त्या अंगाला चार्टवर खडक आहे, वाळूचा दांडा आहे की नुसतंच खोल पाणी, हे घाई नसताना बघून ठेवता येतं. यंत्रही हिशेब करून देईल, पण त्याला करंट विचारायचा हे सुचावं लागतं तुलाच. आणि ज्याने हाताने त्रिकोण काढलेले असतात त्यालाच ते सुचतं, असं मी पाहत आलोय.

आता आपल्याच दारातलं उदाहरण घे. तू अंजनवेलच्या टाळकेश्वर दीपस्तंभाच्या थेट पश्चिमेला १२ सागरी मैलांवर आहेस. होडीचा वेग पाण्यातून ६ नॉट, म्हणजे तासाला ६ सागरी मैल. पाण्याची ओढ उत्तरेला, दीड नॉट. एवढी ओढ इथे रोज नसते, पण आकृतीत ठळक दिसावी म्हणून घेतली.

आधी जिथून निघायचं तिथून दीपस्तंभापर्यंत सरळ रेघ मार. ही जमिनीवरची वाट, ०९० अंश, म्हणजे थेट पूर्वेला. तिच्यावर दोन बाण. मग निघण्याच्या जागेपासूनच उत्तरेला दीड मैलाची रेघ काढ. ती एका तासाची ओढ, तिच्यावर तीन बाण. आता डिव्हायडर ६ मैल उघड, एक टोक ओढीच्या रेघेच्या शेवटाला टेकव आणि दुसऱ्या टोकाने वाटेच्या रेघेला छेद दे. ते दोन बिंदू जोडलेस की होडीचा रोख, म्हणजे तिचं तोंड धरायची दिशा, मिळाला, त्याच्यावर एक बाण. साडेचौदा अंश दक्षिणेकडे झुकलेला, म्हणजे साधारण १०४ ते १०५. निघाल्यापासून छेदापर्यंतचं अंतर मोज. ५.८ मैल भरेल. तोच तुझा जमिनीवरचा वेग, म्हणजे १२ मैलांना दोन तास चार मिनिटं.

इथे एक चूक हमखास होते, तुझ्या वर्गातही दिसेल. ओढीच्या रेघेचं टोक छेदाला न जोडता थेट दीपस्तंभाला जोडतात. आकृती दिसायला छान दिसते आणि रोख येतो ०९७. करून बघ, दोन तासांनी तू दीपस्तंभाच्या दीड मैल उत्तरेला निघशील. काहीच दुरुस्ती केली नसती तर तीन मैल गेली असतीस, पार कोळथऱ्याच्या अंगाला. म्हणजे निम्मीच ओढ मोडली. कारण साधं आहे : एका तासाच्या ओढीला एका तासाचीच धाव जोडायची. एक बाजू तासाची आणि दुसरी अख्ख्या प्रवासाची, असा त्रिकोण काही सांगत नाही.

अंतरं मोजताना डिव्हायडर चार्टच्या उभ्या कडेलाच लाव, तेही आपण आहोत त्याच पट्ट्यात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आडव्या कडेवरचा रेखांशाचा मिनिट आपल्या कोकणात जेमतेम पाच टक्क्यांनी तोकडा असतो. फरक डोळ्याला कळत नाही म्हणूनच हात तिकडे जातो. तू उत्तरेच्या समुद्रांत जाशील तिथे तो निम्म्यावर येईल, तेव्हा सवय आत्ताच लाव.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. तू म्हणशील, त्रिकोण नकोच, दीपस्तंभ समोर दिसतोय, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्याच्यावर धरून ठेवली की झालं. पाणी उत्तरेला ढकलेल तसं आपण थोडं थोडं वळत राहू आणि पोचू. खरं आहे, पोचशील. माझ्याकडे रिकामा वेळ भरपूर, म्हणून वरच्याच आकड्यांवर हा हिशेब करून पाहिला. सरळ वाटेने दोन तास चार मिनिटं, नाळ सतत दीपस्तंभावर धरून दोन तास आठ मिनिटं. फरक चार मिनिटांचा! पण वाटेत तू रेघेपासून मैलाहून जास्त उत्तरेला गेलेली असतेस. शिवाय शेवटच्या टप्प्यात होडी पश्चिमेकडून किनाऱ्यावर येत नाही. ती उत्तरेकडून, किनाऱ्याला समांतर, उथळ पाण्यातून दीपस्तंभाकडे येते, आणि तेही ओढीच्या तोंडावर. चार मिनिटांचा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण सरळच आलो. चार्टवर बघितली होती ती वाट एक, आणि प्रत्यक्ष कापली ती दुसरीच. तिथली खोली कुणी वाचलेलीच नव्हती. बाय, मला तुझी काळजी वाटते ती वादळापेक्षा या चार मिनिटांची.

वेग कमी तेवढा झुकाव जास्त, हेही मनात पक्कं कर. हीच दीड नॉटची ओढ चार नॉटच्या होडीला २२ अंश झुकायला लावते आणि १८ नॉटच्या लाँचला पाचसुद्धा नाही. मोठ्या जहाजावर वेग भरपूर असतो म्हणून करंट विसरला तरी खपतं. मग बंदराच्या तोंडाशी वेग उतरवायचा, आणि ओढ मात्र तिथेच जोर धरते. काल जो कोन पाच अंशांचा होता तोच तिथे वीसचा होतो.

काल संकष्टी होती. आईला नारळ आणि दुर्वा हव्या होत्या, म्हणून धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट धरतात; चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. मी बोटीत चढलो तेव्हा पाच वाजून गेले होते, ओहोटी चांगलीच धावत होती आणि वाशिष्ठीचं गढूळ पाणी धक्क्याच्या खांबांना घासून समुद्राकडे निघालं होतं. दाभोळचा धक्का समोर उत्तरेला, आणि सारंगाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, बोटीचं तोंड धरलं होतं उजवीकडे, खाडीच्या आत, जणू त्याला दाभोळला जायचंच नाही. बोट खेकड्यासारखी तिरकी सरकत बरोबर धक्क्याला लागली. एक पाहुणे घाबरून विचारत होते, “अहो, ही चाललीय कुठे?” मी सारंगाच्या नजरेकडे बघत होतो. तो नाळेकडे बघतच नव्हता. धक्क्यावरचा दिव्याचा खांब आणि मागच्या डोंगरातला एक माड, या दोन खुणा तो एकापुढे एक धरून होता. माड खांबाच्या डावीकडे दिसायला लागला की बोट डावीकडे वाहतेय, मग सुकाणू थोडं उजवीकडे. पुढची खूण, म्हणजे खांब, ज्या बाजूला सरकली त्या बाजूला वळायचं. चार्टवर असे खुणांचे जोड तुला आखून दिलेले मिळतील, नसतील तिथे तू शोध. जीपीएसच्या आकड्याला स्थिर व्हायला लागतो त्याहून कमी वेळात दोन खुणा उघडतात, म्हणजे एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात.

करंटचा आकडा कुठून आणायचा हे तू विचारलं नाहीस, पण खरी अडचण तीच. चार्टवर पत्त्यातल्या चौकटसारख्या जांभळ्या खुणेत ए, बी अशी अक्षरं असतील तर कडेच्या तक्त्यात त्या जागेची दिशा आणि वेग तासातासाने दिलेला असतो, उधाणाचा (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा) वेगळा आणि भांगाचा (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचा) वेगळा. पिसं असलेला बाण भरतीचा, बिनपिसांचा ओहोटीचा. वारा नैर्ऋत्येचा म्हणजे तो तिथून आला, करंट नैर्ऋत्येचा म्हणजे तो तिकडे चालला. परीक्षेत इथे उलटं करून लोक बाद होतात.

आपल्या किनाऱ्यावर दोन हिशेब एकावर एक बसतात. एक भरती-ओहोटीचा, सहा तासांनी उलटणारा. तो मुंबईकडे जोरदार. मोठ्या उधाणाला तिथे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, रत्नागिरीला त्याच्या निम्म्याच्या आसपास. दुसरा ऋतूचा. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी एकूण दक्षिणेला जातं, दिवाळीनंतर उत्तरेला. आणि यातली गंमत अशी की हिवाळ्यात आपल्याकडे वारा उत्तरेच्या अंगाचा, सकाळी मतलई आणि दुपारी वायव्येचा, तरी पाणी त्याच्या विरुद्ध उत्तरेलाच चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी यावर पुष्कळ काम केलंय. त्याचं एक मोठं कारण बंगालच्या उपसागराकडून श्रीलंकेला वळसा घालून येणाऱ्या लांबच लांब लाटा आहेत, ज्या डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून लाटेची पांढरी शेंडी बघून ‘पाणी तिकडे चाललंय’ असं कधी ठरवू नकोस.

ओढ तासागणिक बदलते हेही धर. भरतीच्या सहा तासांत पाणी बारा हिश्शांत चढतं : एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन तासांतच निम्मं. तीन तासांचा पल्ला असेल तर तिन्ही तासांच्या ओढी एकापुढे एक जोड आणि मग तीन तासांच्या धावेने छेद दे.

रोख मिळाला की वाऱ्याने होडी किती घसरेल तेवढं वाऱ्याकडे झुक, आणि मग चार्टवरच्या खऱ्या उत्तरेवरून होकायंत्राच्या उत्तरेवर ये. आपल्या किनाऱ्यावर हा चुंबकीय फरक अंशभराचाच असल्याने इथे शिकलेली मुलं तो विसरतात. केप टाउनजवळ तो पश्चिमेला २५ अंशांच्या आसपास आहे! सुट्टीत आलीस की आपण अलिबागला जाऊ. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकसुई बिचकणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली तिथे नेली. ज्यांनी एका सुईसाठी गाव बदललं, त्यांचं काम तू बघावंस असं मला वाटतं.

आणि निघाल्यावर तुझा जीपीएस वापर की, कोण नको म्हणतंय? दर अर्ध्या तासाला तीन जागा मांड. नुसता रोख आणि वेग धरून आलेली जागा, तिला आडवी रेघ. तिच्यात ओढ मिळवून आलेली, तिला त्रिकोण. आणि जीपीएसने किंवा दीपस्तंभांच्या दिशा घेऊन आलेली पक्की जागा, तिला वर्तुळ. रेघेपासून वर्तुळापर्यंतचं अंतर म्हणजे आज पाण्याने खरोखर काय केलं. त्रिकोण आणि वर्तुळ जवळ असतील तर तुझा अंदाज बरोबर. लांब असतील तर पुढच्या अर्ध्या तासाचा त्रिकोण आजच्या पाण्यावर काढ, तक्त्यातल्या नव्हे. तेव्हा ते दोन-दोन जीपीएस तुझ्या खऱ्या कामाला येतील.

तुला ब्रिजवर उभं राहायचंय हे तू दहावीत सांगितलंस तेव्हा वाडीत पुष्कळ जण पुष्कळ बोलले. मला तेव्हाही आनंद होता आणि आज तू करंटबद्दल भांडायला फोन करतेस याचा त्याहून जास्त आहे. भांडत जा.

एक गणित देतो. जयगडच्या थेट पश्चिमेला १० मैलांवर आहेस. वेग ५ नॉट. ओढ दक्षिणेला, पहिल्या तासाला एक नॉट, दुसऱ्या तासाला दीड. पूर्ण दोन तासांसाठी एकच रोख काढ. मग पहिला तास संपताना तू सरळ रेघेच्या कुठल्या बाजूला असशील आणि किती, ते मांड. उत्तर फोनवर सांगू नकोस, आकृतीचा फोटो पाठव.

आईने कुळथाचं पीठ आणि आमसुलं कुरियरने पाठवली आहेत. पोचली की तिला कळव.

तुझे बाबा

ता. क. चार्टवर २बी पेन्सिलच वापर आणि रेघ हलकी मार. एचबीने कागदाला चर पडते, खोडल्यावरही जुनी वाट दिसत राहते आणि पहाटेच्या पहाऱ्यात, लाल दिव्याखाली, कुठली रेघ आजची ते कळत नाही.