ट्रीटमेंट संपल्यावरची भीती

प्रिय शुभे,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. सगळे म्हणतात सुटलीस एकदाची, मग मलाच का रडू येतंय, असं विचारलंयस. अगं येणारच. ब्रेस्ट कॅन्सरसाठी किमो, रेडिएशन चालू असताना रोज कुणीतरी डॉक्टर नाहीतर सिस्टर बघत होत्या तुझ्याकडे, आणि आता एकदम "तीन महिन्यांनी या" म्हणून घरी पाठवलं, तर भीतीला आत्ताच कुठे सवड मिळाली ना. शेवटच्या रेडिएशननंतर परळहून येताना लेडीज डब्यात माझेही हात थरथरत होते, आनंद वगैरे काही नाही.

गुडघे, बोटं दुखतात म्हणतेस, तर तू लेट्रोझोल, ती हार्मोन कमी करणारी गोळी, घेतेस ना, त्याने सांधे धरतात, सकाळी जास्तच, खूप जणींना होतं. पण आपल्याला कुठंही दुखलं की कॅन्सर हाडात गेला असंच वाटतं. मला डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं मी अजून पाळते, नवीन दुखणं आलं की कॅलेंडरवर तारीख लिहायची, दोन आठवड्यांत गेलं तर सोडून द्यायचं, राहिलं किंवा वाढत गेलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करायचा. गाठ लागली, दम लागायला लागला, डोळे पिवळे दिसले तर तेवढंही थांबायचं नाही. तारीख लिहिली की रात्री मला काही ठरवायचं उरत नाही, झोप लागते. आणि गोळी मनाने बंद करू नकोस हं, फारच त्रास झाला तर त्यांना सांग, बदलून देतात.

कॅन्सर कुठे पसरलाय का बघायला सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करा म्हणून मीपण हट्ट धरला होता. पण काही लक्षणं नसताना आपल्यासारख्यांना डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, एवढंच करतात. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं की त्याहून जास्त स्कॅन, एक्स-रे केलेल्या बायका काही जास्त जगल्या नाहीत. उलट स्कॅनमध्ये उगाच एखादा ठिपका दिसतो, मग बायॉप्सी, मग परत तेच वाट बघणं.

तुझ्या जाऊबाई म्हणतात ना पॉझिटिव्ह राहा, घाबरलीस तर परत येईल, ते मात्र अजिबात मनावर घेऊ नकोस. घाबरल्यामुळे कॅन्सर येत नाही गं. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो हे खरं आहे, तुझ्यापासून लपवणार नाही, म्हणून तर ही गोळी ५ वर्षं, कधी त्याहून जास्त देतात. नक्की बरी झालीस असं लिहून कुणीच देणार नाही, मलाही नाही दिलं. पण त्यासाठी तू गणपतीला गावी जायचं रिझर्व्हेशनच करत नाहीयेस हे वाचून मला फार लागलं. कर ते. कोकणकन्या बुकिंग उघडल्या उघडल्या भरते, माहितीय ना तुला.

मॅमोग्राफीची तारीख मिळाली की कळव, मी येते. रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट असतात, तेव्हा सरळ माझ्याकडे ठाण्याला राहायला ये, बोलावंसं वाटलं तर बोलू नाहीतर नुसत्या बसू. आणि जुनी फाइल, मागच्या फिल्म्स विसरू नकोस, तुलना करायला त्या मागतात.

तुझीच,
मंजू