फिन घेताय? मागे येता येतंय का ते बघा

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी आली की आमच्या शहापूर, टिळकवाडी, अनगोळकडची पोरं गाड्या काढून आंबोली घाटानं मालवणला, नाहीतर मुरुडेश्वरला नेत्राणी बेटावर स्कुबा करायला जातात, त्यातल्या दोघातिघांना वेडच लागतं आणि मग पहिली खरेदी काय तर फिन, म्हणजे पोहताना पायात घालायची ती बदकाच्या पंजासारखी पाती. त्यात मी स्वतः फसलोय म्हणून हे पत्र.

दुकानदारानं मला स्प्लिट फिन दिले, म्हणजे पातं मधून चिरलेले. म्हणाला जोरात जातात, पाय दुखत नाहीत. खोटं नव्हतं ते, सरळ वर-खाली पाय मारत जायला हलके पडतात. पण नेत्राणीला एका कपारीत मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा दिसला, सगळे जागेवर थांबून बघूलेत आणि मला काय थांबताच येईना, मागं यायला पाय ओढतोय तर त्या दोन्ही फाका नुसत्या वाकतात, पाणी धरतच नाहीत, शेवटी हात मारत खडकावर आपटलो आणि वाळूचा असा धुरळा उठवला की ईल दिसायचा बंद. लोकांनी काय शिव्या घातल्या असतील ते त्यांच्या तोंडात रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र होतं म्हणून ऐकू आलं नाही एवढंच.

गंमत म्हणजे असं थांबायला, मागं यायला जी किक लागते ती आपल्याला लहानपणापासून येतंय. गावच्या विहिरीत बेडकासारखं पोहायला शिकलो की नाही, फ्रॉग किक तीच. गुडघे वाकवून पाय बाहेर काढायचे, तळवे एकमेकांकडे आणत पाणी मागं ढकलायचं आणि घसरत जायचं. पाणी खाली जात नाही म्हणून तळाचा गाळ उठत नाही. तीच हालचाल उलटी केली की मागं येता येतं, एकच पाय फिरवला की जागच्या जागी वळता येतं. पण हे सगळं फिनच्या कडेवर चालतं, त्यामुळे पातं रुंद, आखूड आणि कडक पाहिजे. स्कूबाप्रोचा काळा रबरी जेट फिन 1965 पासून आहे, आणि चिंचोळ्या जागेत, गुहेत जाणारे डायव्हर आजही त्याच धाटणीचे घालतात ते उगीच नाही.

पण जड रबरीच घ्या असंही नाही हं. आपल्या गरम पाण्यात अंगात पातळ डायव्हिंग सूट असतो, तो पाय वर उचलत नाही, त्यात जड फिन घातले की पाय खाली लोंबतात, मग कितीबी चांगली किक असू दे धुरळा उडतोच. तसं झालं तर बुडायला कमरेला बांधतात त्यातलं थोडं वजन वर पाठीवरच्या सिलेंडरच्या पट्ट्यावर सरकवायचं नाहीतर कडक प्लॅस्टिकचे हलके बघायचे.

आणि माप दुकानात डायव्हिंगचे बूट घालूनच बघा, नुसत्या पायानं नको. मागून उघडे, स्प्रिंगचा पट्टा असलेले घ्या. टाच आत हलली की पाय वळतो पण फिन वळत नाही.

माझे स्प्लिट माळ्यावर पडलेत. कुणाचे गुडघे दुखत असतील आणि सरळच जायचं असेल तर खुशाल घेऊन जा, पैसे नकोत.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव