बाबा, पुढं काय ते सांगते

पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

धानाचा रोवणा आटोपला असं दादाकडून कळलं. आता बाबांना निवांत वाचायला वेळ मिळेल म्हणून लिहायला बसले. फोनवर माझ्या बेस गिटारचा विषय निघाला की बाबा "हव, हव" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. मग आई भाजी काय केली ते विचारते. पत्राचं तसं करता येणार नाही.

पाहुणे आले तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, पोरगी पुण्यात गिटार शिकवते. शिकवते, पण घरभाडं निघतं ते बेस वाजवूनच. लग्नाचे कार्यक्रम, जाहिरातींचं रेकॉर्डिंग, शनिवार-रविवारी बँड. त्यावर बाबांचं एकच म्हणणं: "चार जाड तारा, त्याही मागं उभं राहून. पन्नाशीत कोण बोलावन तुले?" वडशाच्या नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवलेला माणूस हे विचारतो, तेव्हा त्याला बाजार ठाऊक असतो. म्हणून उपदेश न करता एका माणसाचा हिशोबच मांडते.

जॉन पॉल जोन्स. जन्म १९४६, इंग्लंडमधलं केंट. खरं नाव जॉन बाल्डविन. वडील पियानो वाजवायचे आणि मोठ्या वाद्यवृंदांचं संगीत बसवून द्यायचे. आईसुद्धा रंगमंचावरची. दोघं सतत दौऱ्यावर, म्हणून पोराला वसतिगृहाच्या शाळेत टाकलं. चौदाव्या वर्षी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला. हो बाबा, ऑर्गनच! पुढे त्याला हप्त्याने बेस गिटार घ्यायची होती आणि कागदावर वडिलांची सही लागत होती. वडील म्हणाले, हे वाद्य दोन वर्षांत कुणाच्या लक्षातही राहणार नाही, त्यापेक्षा सॅक्सोफोन शीक. हा किस्सा जोन्स स्वतःच सांगत आला आहे. सही मिळाली शेवटी. (तुम्ही माझ्या ॲम्प्लिफायरसाठी सोसायटीतून पैसे उचललेत, तेव्हाही आधी महिनाभर बोलला नव्हतात.)

१९६४ पासून तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये रोजंदारीवर वाजवायचा. सकाळी एका गायकाचं गाणं, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी भलतंच काही. बेस तर होताच, शिवाय ऑर्गन, आणि इतरांच्या गाण्यांत व्हायोलिनांनी काय वाजवायचं ते लिहून देणं. रोलिंग स्टोन्सच्या १९६७ च्या एका गाण्यातला व्हायोलिनांचा भाग त्याचाच. या कामाला तो पार विटून गेला. गिटारवाला जिमी पेज नवा बँड काढतोय, त्याला विचारून तरी बघ, असं बायकोनेच सुचवलं. तो बँड म्हणजे १९६८ चा लेड झेपेलिन. आपल्या दादाच्या मोबाइलवर जो धडधडाट तुम्ही बंद करायला लावता, तोच.

आता बाबांनी नीट ऐकायचं. त्या बँडमध्ये माणसं चारच. गाण्यात कीबोर्ड हवा असला की तो जोन्सने वाजवायचा, मॅन्डोलिन हवं तर तेही त्यानेच. पण दोन्ही हात कीबोर्डवर गेले तर बेस कोण वाजवणार? त्याने पायाखाली पेडलची पट्टी घेतली आणि पायाने खर्ज वाजवला. तुमचे पाय रात्रभर ऑर्गनचा भाता मारायचे, त्याचे पाय सूर लावायचे. तुमचा घोटा अजून दुखतो, त्याचं काही कळलेलं नाही.

१९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि बँड तिथेच संपला. जोन्स तेव्हा चौतीस वर्षांचा. तुमचा प्रश्न खरा इथे सुरू होतो. गाजलेला गायक आणि गिटारवाला आपापल्या नावावर उभे राहिले. याच्या नावाने तिकिटं खपणार नव्हती, पण हातात कामं अनेक होती. दुसऱ्यांच्या रेकॉर्ड काढून दिल्या. १९९२ मध्ये आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या गाण्यांसाठी व्हायोलिनं लिहिली. १९९४ मध्ये डायमांडा गलास या विलक्षण आवाजाच्या बाईसोबत अख्खा अल्बम केला. स्वतःच्या एकट्याच्या नावावरचा पहिला स्टुडिओ अल्बम आला १९९९ मध्ये, म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी! २००९ मध्ये पोरासोरांच्या वयाच्या वादकांबरोबर नवा बँड, आणि त्याला पुढे ग्रॅमी. २०११ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये एका नव्या ऑपेरात तो रंगमंचावर वाजवत होता. पन्नाशीत कोण बोलावन म्हणता, याला पासष्टीत ऑपेरावाल्यांनी बोलावलं.

अपमानही झालाच. १९९४ मध्ये त्याचे दोन जुने साथीदार एकत्र आले, त्याला न सांगता. पुढल्या वर्षी सन्मानाच्या सोहळ्यात तिघं एका मंचावर होते, तेव्हा माझा फोन नंबर एकदाचा आठवला याबद्दल आभार, असं तो हसत म्हणाला. एका हंगामात तुम्हाला न कळवता कंपनीने दुसरा ऑर्गनवाला घेतला होता, ते आठवलं. तुम्ही मात्र काहीच बोलला नव्हतात. बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

आई, तुझ्यासाठी एक बाई आहे, कॅरोल काय. जन्म १९३५. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गिटार वाजवायची. १९६३ मध्ये एक दिवस बेसवाला आलाच नाही, हिने बेस उचलला आणि मग तेच तिचं वाद्य झालं. घर, मुलं, सगळं सांभाळून. तेव्हा "बायकांचं वाद्य नव्हे ते" हे मावशीला सांगताना जरा जपून.

बेसच्या चार तारा साध्या गिटारच्या खर्जाकडच्या चार तारांहून एक सप्तक खाली लागतात. तबल्यात डग्ग्याचं जे काम, ते बँडमध्ये आमचं. वाजतंय तोवर कुणाचं लक्ष नसतं, थांबलं की गाणं पोकळ होतं. हे तुम्हाला मी काय सांगावं! मंडईच्या जत्रेतल्या नाटकात त्या नटीचा घसा बसला होता. दुसऱ्या अंकात तुम्ही तिच्याकडे एकदा पाहिलंत आणि काळी पाचच्या पट्टीवरून थेट खाली पांढरी पाचवर आलात. तबलजीने पटकन दुसरा तबला पुढे ओढला. मंडपात कुणाला पत्ता नाही. मी ऑर्गनजवळ गोधडीत बसले होते, मला दिसलं. लंडनच्या स्टुडिओत जोन्सला पैसे मिळायचे ते असल्याच अकलेचे.

तर माझा बेत असा. पुण्यातले वर्ग सकाळपुरतेच ठेवलेत, दुपारी वाद्यवृंदासाठी स्वरलेखन शिकतेय. दिवाळीनंतरच्या हंगामात वडशाची एक कंपनी माझा बेस घेऊन बघायला तयार आहे. रात्रीचे पैसे ऑर्गनवाल्याहून कमी देणार म्हणतात, ते मी बोलून घेईन, तुम्ही मध्ये पडू नका.

बाबांची गाण्यांची वही मात्र लागेल, पट्ट्या लिहिलेली. दादाला पानापानाचे फोटो काढून पाठवायला सांगा. मधली पानं आईने लाडवांच्या डब्याखाली घातली होती, तेवढी आधी शोधा.

तुमची,
सुमी