रजिस्टर घरी येतं, मीटिंग होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पहिल्यांदाच लिहितेय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. पण शाळेबद्दल सगळेच बोलतात, गुरुजी बोलतात, संघटना बोलतात, मंत्री बोलतात, आणि ज्यांची पोरं त्या शाळेत बसतात त्यांना कोण विचारतंय? म्हणून लिहायला बसले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. संध्याकाळी भाकरी थापत होते आणि दारात चौथीतला एक पोरगा येऊन उभा, हातात लांबलचक रजिस्टर. "काकू, सरांनी सही मागितलीय, उद्या साहेब येणारेत." हात पिठाचे, तसेच पदराला पुसले आणि तो बोट दाखवेल तिथे सह्या करत गेले. तिसऱ्या पानावर थांबले कारण तिथे माझंच नाव होतं, सूचक म्हणून. ठराव असा की शाळेला आलेल्या संयुक्त शाळा अनुदानातून, म्हणजे शाळेच्या खर्चाला सरकारकडून येतात त्या पैशातून, मुलींच्या शौचालयाच्या नळाची दुरुस्ती केली, खर्चाला सर्वानुमते मंजुरी. आता मी तर त्या मीटिंगला गेलेच नव्हते, म्हणजे मीटिंगच झाली नव्हती, आणि माझी पोरगी रोज शाळा सुटली की दप्तर फेकून आधी मोरीकडे पळायची कारण शाळेच्या शौचालयात पाणी नाही म्हणून दिवसभर धरून बसायची. त्या नळाच्या दुरुस्तीची सूचना मीच मांडलेली आणि खर्च मीच मंजूर केलेला! मी सही केली नाही. पोरगा बिचारा रजिस्टर घेऊन परत गेला. माझ्या पिठाच्या बोटाचा डाग त्या पानावर अजून असेल.

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होते. कशी झाले तर हेडसरांनी फोन करून सांगितलं की वहिनी, महिला पाहिजेत, तुमचं नाव घालतो. बहुतेक गावांत असंच होतं, कोणी मनावर घेत नाही. नंतर मी कायदा काय म्हणतो ते शोधून वाचलं आणि थक्क झाले, कारण इतकं सगळं आपल्या हातात दिलंय आणि आपल्याला पत्ताच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम २१ म्हणतं की समितीत तीन चतुर्थांश आईबाप पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवायचं, आलेल्या पैशाचा विनियोग बघायचा, आणि शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. आपल्या राज्यात समिती १२ ते १६ जणांची, अध्यक्ष पालकांमधलाच, हेडसर सचिव, आणि पालक सदस्य पालकसभेने निवडून द्यायचे. निवडून! फोनवरून नाव घालून नाही.

हेडसरांना मी व्हिलन करणार नाही, ते बरं नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, रोजची ऑनलाइन माहिती, वर मतदार याद्यांचं काम. ते मला तोंडावर म्हणाले, वहिनी, मीटिंग लावली की कोणी येत नाही, कोरम होत नाही, मग मी काय करू? आणि खरंच होतं ते. मीटिंग लावायचे कामाच्या दिवशी सकाळी अकराला, तेव्हा निम्मी आई-वडील कांद्याच्या काढणीला नाहीतर उसाच्या फडात. मी म्हटलं आठवडी बाजाराच्या दिवशी लावा, त्या दिवशी रानात काम नसतं, सकाळी नऊला घ्या म्हणजे बाजारालाही जाता येईल. पहिल्या वेळी वीस-बावीस जण आले, दुसऱ्या वेळी व्हरांडा पुरेना. तिथेच नळाचा विषय निघाला. एका आजीने उभं राहून विचारलं की पैसे किती आले आणि गेले कुठे ते फळ्यावर लिहा, आम्हाला वाचता येत नाही पण पोरं वाचून दाखवतील. सरांनी लिहिलं. आमच्या पटाला अनुदान २५ हजाराचं असतं आणि त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे हा नियमच आहे, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पंधरा दिवसांत नळ आला. कोणाची चौकशी नाही, कोणाशी भांडण नाही, फक्त फळ्यावर आकडे आणि समोर माणसं बसलेली.

गणवेशाचंच बघा ना. आधी एका गणवेशाचे ३०० रुपये असे दोन गणवेशांचे ६०० रुपये एका मुलामागे यायचे आणि खरेदी समिती करायची. पैसा कमी, पण आमच्याकडे टेलर शाळेच्या व्हरांड्यात येऊन पोरापोरीचं माप घ्यायचा, उंच पोरगी असली तर बाह्या जरा वाढवून ठेव म्हणून आई सांगायची, आणि बिघडलं तर त्याच्या दुकानात जाऊन त्याला धरता यायचं. मग २०२४-२५ ला राज्याने ठरवलं की सगळीकडे एकसारखा गणवेश, कापड वरून एकाच ठिकाणाहून घेणार आणि बचत गटांकडून शिवून देणार. बायकांना काम मिळावं हा हेतू चांगलाच होता, त्याला नाव ठेवत नाही. पण शाळा सुरू होऊन महिने गेले तरी ठिकठिकाणी गणवेश पोचले नाहीत, पोचले तिथे मापाच्या तक्रारी, आणि तक्रार करायची कोणाकडे हे ना पालकाला माहीत ना गुरुजींना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच तो निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. या एका वर्षात राज्याला जे कळलं ते आमच्या व्हरांड्यातल्या टेलरला आधीच माहीत होतं, की माप जवळून घ्यावं लागतं.

पण समिती एकटी पुरत नाही हो. नळ आम्ही आणला, शिक्षक कुठून आणणार? एका गुरुजींची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली, चार वर्ग एकाच बाईंकडे. आम्ही ठराव केला, खरा ठराव, खऱ्या मीटिंगमध्ये, सूचक-अनुमोदक समोर बसलेले. तालुक्याला घेऊन गेलो तर तिथे म्हणाले वर पाठवतो. वर म्हणजे जिल्हा परिषद. पूर्वी असं झालं की आमच्या गटाचा सदस्य एसटी स्टँडवर, लग्नात, नाहीतर मयतीत सापडायचा, त्याला तिथेच धरून विचारायचो, भाऊ, आमच्या शाळेचं काय केलंत, शिक्षण समितीत बोललात का? तो टाळाटाळ करील, पण पाच वर्षांनी परत दारात यायचं असतं म्हणून निदान एक फोन तरी लावायचा. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे प्रस्ताव ठेवणारे तेच, मंजूर करणारे तेच. जिल्हा परिषदेची शिक्षण समितीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ मध्ये लिहिलंय की तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आमच्यासाठी जिल्हा परिषदेकडेच, लेखी करा, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तक्रार ज्यांच्या कारभाराची, निकाल द्यायलाही तेच, असं झालं ते. संविधान पाच वर्षांची मुदत सांगतं, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या सांगतं, तरी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्या तीन वर्षांत पहिलीत गेलेलं पोरगं चौथीत गेलं. त्याच्या शाळेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी निवडून आलेला एकही माणूस नव्हता.

आमचे आजे सासरे अजूनही शाळेला "बोर्डाची शाळा" म्हणतात. आम्ही हसायचो, नंतर कळलं की ते बरोबर बोलतात. १८८२ मध्ये इंग्रज सरकारचं शिक्षणाची पाहणी करणारं हंटर कमिशन आलं तेव्हाच प्राथमिक शाळा लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे द्याव्यात अशी शिफारस झाली, १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ते पक्कं केलं, १९४७ च्या कायद्यात जिल्हा स्कूल बोर्डं आली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरात नगरपालिकेची शिक्षण मंडळं राहिली, ती राज्याने २०१३ मध्ये बरखास्त करायचा निर्णय घेतला. का, तर खरेदीत घोटाळे, कंत्राटं, आपल्या माणसांची भरती अशा तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही, मंडळातले सदस्यसुद्धा लोकांनी थेट निवडलेले नसायचे, नगरसेवकांनी निवडलेले असायचे. पण चोरी झाली म्हणून घरच पाडायचं का? हिशोब उघडा करायला लावायचा, लोकांना थेट निवडू द्यायचं, हे सोडून अधिकारच वर नेला.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगची लिंक तिने मला पाठवली होती, तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, चहा घेत बघितली. बोर्डाचे लोक लोकांनी मत देऊन निवडलेले, तीन वर्षांसाठी, पगार शून्य. ते समोर ओळीने बसलेले आणि पालक एकेक करून माइकसमोर येऊन बोलतात, ठरलेली मिनिटं, सगळं रेकॉर्ड होतं. तिकडे १९७५ पासून कायदाच आहे की अशा मीटिंगा लोकांसमोर घ्यायच्या, आणि स्कूल बोर्डाला लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. मी नणंदेला म्हटलं तुमचं बरंय बाई. ती म्हणाली तसं काही नाही वहिनी, मतदानाला माणसं फार कमी येतात, कधी कधी मीटिंगमध्ये नुसती भांडणं होतात.

आणि तिनेच मला जर्सी सिटीचं सांगितलं, तिथेही खूप भारतीय राहतात. कारभार बिघडला, वशिलेबाजी माजली म्हणून १९८९ मध्ये राज्य सरकारने तिथल्या शाळा स्वतःच्या ताब्यात घेतल्या, अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं म्हणे. १९९५ मध्ये शेजारच्या नेवार्कचंही तेच. नेवार्कला २०१० मध्ये फेसबुकच्या झुकरबर्गने १०० मिलियन डॉलर जाहीर केले, पण बेत सगळे वरच्या लोकांनी केले, कोणती शाळा बंद होणार हे आईबापांना नंतर कळलं, मग लोक रस्त्यावर आले. नेवार्कला अधिकार परत मिळाले २०१८ मध्ये आणि जर्सी सिटीला पूर्ण परत मिळाले २०२२ मध्ये. ३३ वर्षं! एक अख्खी पिढी शिकून बाहेर पडली. लोकांच्या हातातून घ्यायला एक ऑर्डर पुरते, परत द्यायला इतकी वर्षं लागतात, याची मला भीती वाटते. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं याची चर्चा सारखी चालू असते. त्यात एखाद्या वस्तीवरची शाळा बंद करून पोरं लांब पाठवायची ठरली तर तो निर्णय त्या वस्तीतल्या लोकांसमोर, त्यांचं ऐकून व्हायला नको का? ओढा कुठे भरतो आणि पावसाळ्यात किती दिवस रस्ता बंद असतो हे मंत्रालयात कोणाला माहीत असणार?

माझं मागणं मोठं नाही. समितीची निवड पालकसभेत, आधी आठ दिवस तारीख जाहीर करून, लोक रिकामे असतील त्या वेळी घ्या. रजिस्टर घरोघर फिरवून घेतलेली सही ग्राह्य धरू नका, उलट आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुख साहेबांनी तपासणीला आल्यावर चार पालकांना विचारावं की मीटिंग झाली का. अनुदान किती आलं आणि कशावर गेलं ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहा, आमच्याकडे फळ्यावर लिहून काही आभाळ कोसळलं नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीच्या प्रत्येक बैठकीत पालकांना बोलायला अर्धा तास ठेवा आणि वर्षातून दोन बैठका तालुक्याच्या गावी घ्या, मजुरी बुडवून जिल्ह्याला जाणं कोणाला परवडतं? शहरात शिक्षण मंडळ परत आणायचं तर ते पालकांनी थेट निवडलेलं असू द्या. आणि मुदत संपली की प्रशासक हे तर कधीच नको.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी आमची पालकसभा झाली. मी आता समितीत नाही, माझी दोन वर्षं संपली, यावेळी हात वर करून निवड झाली आणि ऊसतोडीला जाणारी एक आई अध्यक्ष झाली. तिने पहिलाच ठराव मांडला तो रिकाम्या जागेवर शिक्षक द्या म्हणून, तिसऱ्यांदा. त्याची एक प्रत आम्ही शाळेच्या दारावर चिकटवलीय. जिल्हा परिषदेसाठी मत मागायला आमच्या गावात जो कोणी येईल, मग कुठल्याही पक्षाचा असो, त्याला आधी त्या दारापर्यंत न्यायचं आणि ती मोठ्याने वाचायला सांगायची असं बायकांनी ठरवलंय.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतल्या एका मुलीची आई
(पोरगी अजून त्याच शाळेत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती)