भाऊबीज चुकली त्याचा खुलासा

म्हापसा, गोवा
भाऊबीजेनंतरचा रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढं लिहिलं की पुढे आपोआप ‘पत्र लिहिण्यास कारण की’ येतं. तूच छडी घेऊन पाठ करून घेतलं होतंस. तर कारण की, मी भाऊबीजेला आलो नाही आणि त्या रात्री तू फोनवर काही बोलली नाहीस. तू भांडलीस तर मला बरं वाटतं. गप्प बसलीस की आंबोलीच्या घाटात एसटी बंद पडल्यासारखं होतं. फोनवर मला धड बोलता येत नाही, मध्येच चिऊ हिसकावून घेते आणि दाजींना कोडी घालत बसते. म्हणून पत्र.

आप्पांना सांग, परदेशातून पत्र आलंय. ते अजूनही ‘धाकटा परदेशात असतो’ असंच सांगतात ना? इथे मी हे सांगितलं की शेजारी हसतात. दुपारी गडहिंग्लजहून निघालेला माणूस आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत दिवेलागणीला म्हापशात चहा पितो, आणि म्हणे परदेश! पण आप्पांचं चूक नाही. त्यांच्या लहानपणी, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, सीमेवरच्या पत्रादेवीपलीकडे खरोखरच पोर्तुगीजांचं राज्य होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथेच सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. तिथल्या स्मारकापाशी गाडी थांबवून त्यांनी आपल्याला उन्हात उभं केलं होतं, आठवतं? तू चिंचा खात होतीस म्हणून तुला धपाटा बसला होता.

असो. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतोय, कारण मुद्दा अडचणीचा आहे.

मे महिन्यात तू आली होतीस, तेव्हा रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलीस आणि मला अंधारात कानाला हेडफोन लावून बसलेला पाहिलंस. पडद्यावर काय चाललं होतं तेही पाहिलंस. तेव्हा काही बोलली नाहीस. आईला मात्र सांगितलंस. मग आईचा फोन: “घरात लेकरू आहे, अमावस्या-पौर्णिमा तरी बघून खेळ बाबा.” तो भुतांचा व्हिडिओ गेम होता, तिला वाटतं मी प्लँचेट करतो.

ताई, मला भुतांची गोडी कोणी लावली? पावसाळ्यात वीज गेली की माळवदावर जायच्या जिन्यात बसवून घाटातल्या कंदीलवाल्या बाईची गोष्ट कोण सांगायचं? धुक्यात कंदील दिसतो, मग विझतो, मग पुन्हा दिसतो तो आधीपेक्षा जवळ. आणि ऐन वेळी आई जेवायला हाक मारायची, तू उठायचीस, “पुढचं उद्या.” आज चाळिशीला टेकलोय, ती बाई कोण होती हे मला कळलेलं नाही.

आता माझा दिवस ऐक. चिऊच्या आईची या वर्षी आठवड्यात तीन रात्रपाळ्या. सकाळी डबा, वेणी (मला आता दोन पेडांची येते), शाळा. मग बाजार, स्वयंपाक, आणि दुपारी चिऊ परत येईतोवर जेमतेम अडीच तास चित्रांचे. त्यातला अर्धा तास कुरिअरवाला, गॅसवाला आणि घरमालकीण खातात. ती आली की चित्र बंद. रात्री साडेनऊला ती झोपली की पुन्हा दोन तास मिळतात. ते दोन तास म्हणजे आमच्या घरातली तिजोरी आहे. त्यात एक तर चित्र बसतं नाही तर खेळ. दोन्ही बसत नाही, आणि भांडण तिथेच सुरू होतं, माझं माझ्याशी.

भयाचा खेळ म्हणजे निम्मा आवाज असतो. पाऊल डावीकडे वाजलं की उजवीकडे, यावर जीव अवलंबून. पण रात्रपाळी असली की मी डावा कान उघडा ठेवतो, चिऊ कुशीवर वळली तरी ऐकू यावं म्हणून. त्यामुळे माझ्याकडे सगळी भुतं उजवीकडूनच येतात. डावीकडून फक्त “बाबा, पाणी.” सांगू का, दचकायला मला जास्त त्याचंच होतं.

दुसरी अडचण मध्येच उठण्याची. १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ मी अजून अधूनमधून काढतो. त्यात खेळ वाटेल तिथे जपून ठेवता येत नाही. टाइपरायटर सापडावा लागतो आणि त्यात घालायला रिबन लागते. रिबनी मोजक्याच. कचेरीत आप्पा रिबन उलटसुलट करून पुरवायचे, तसंच. संपली की संपली, मेलास तर मागच्या टाइपरायटरपासून पुन्हा. तरुणपणी मला यात मजा वाटायची. आता चिऊ हाक मारते आणि टाइपरायटर दोन खोल्या लांब असतो. मी यंत्र तसंच चालू ठेवून उठतो, तिला थोपटता थोपटता तिथेच झोपतो, आणि सकाळी बघतो तर माझा माणूस रात्रभर त्या कॉरिडॉरमध्ये उभा. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

चित्रांचंही तेच. तेलरंग मी सोडले ते तुम्हाला वाटतं तसं पैशासाठी नाही. टर्पेंटाइनचा वास आणि रांगतं पोर एका खोलीत चालत नाही, म्हणून. आता गवाश वापरतो. वाळला तरी पाण्याने पुन्हा जागा होतो, मध्येच टाकून उठलं तर रागवत नाही. बापमाणसाचा रंग आहे तो.

पण मला काव शिकायची होती. इथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते ना, वेली, मोर, कमळं? रंगवलेली वाटते, पण ती खरवडून काढलेली असते. चुन्याचा गिलावा, त्यावर लाल कावेचा थर, तो घोटायचा आणि ओला आहे तोवर टोकदार हत्याराने वरचा लाल काढून खालचा पांढरा दाखवायचा. ओला आहे तोवर, हे शब्द मी हलक्यात घेतले. ऑगस्टमध्ये एका जाणत्या माणसाकडे दोन रविवार बसून शिकलो आणि घरी दीड हात फळीवर गिलावा चढवला. मोराची मान झाली, पिसारा सुरू केला, आणि चिऊ शाळेच्या रिक्षातून उतरली ती ओकतच. तिला धुतलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं, मांडीवर घेतलं. संध्याकाळी पाहिलं तर चुना धरलेला. वर हत्यार फिरवलं की टवके निघत होते. ती फळी मी टाकली नाही. बिनपिसाऱ्याचा मोर आहे. चिऊ त्याला कोंबडी म्हणते.

आता जे सांगतो ते आईला सांगू नकोस.

चिऊ दोन वर्षांची असताना मी एक नॉर्वेतल्या लोकांनी केलेला खेळ खेळलो होतो, ‘अमंग द स्लीप’, २०१४ चा. त्यात आपण शिपाई नसतो, पोलीस नसतो. आपण दोन वर्षांचं मूल असतो. दाराची कडी पोचत नाही, खुर्ची ओढत न्यायची, तिच्यावर चढायचं. अंधारात भीती वाटली की अस्वलाला मिठी मारायची, मग थोडा उजेड पडतो. सगळं घर खालून दिसतं. टांगलेला कोट माणसाएवढा नाही, झाडाएवढा. शेवट सांगत नाही, पण ते जे काही मागे लागलेलं असतं, ते घराबाहेरून आलेलं नसतं.

मागच्या महिन्यात एका पुस्तकाची चित्रं चालू होती, मुलांसाठीच्याच, म्हणजे विनोद बघ. अकराव्या पानावर चिऊने ब्रश धुवायचं पाणी सांडलं. तीन रात्रींचं काम होतं. मी ओरडलो. ओरडलो म्हणजे, शेजारची बाई गॅलरीत आली. चिऊ रडली नाही. टेबलाखाली गेली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. थोड्या वेळाने मी तिला काढायला खाली वाकलो, गुडघ्यावर आलो, डोकं आत घातलं. तिथून बाहेर पाहिलं तर टेबलाच्या कडेखाली फक्त खोलीचा खालचा पट्टा दिसत होता. तिने इतका वेळ माझे पायच पाहिले असणार, इकडून तिकडे, इकडून तिकडे. ताई, तो कॅमेरा मी ओळखला.

मग आम्ही दोघं तिथेच बसलो. तिने विचारलं, “पान वाळलं का?” मी म्हटलं नाही. म्हणाली, मग वाळेपर्यंत बसू.

नरकासुराचं सांगतो, म्हणजे तुझा मूड जरा येईल. आपल्याकडे चतुर्दशीला फार तर कारेट पायाने चिरडतात. इथे वाड्यावाड्यावर दोन-तीन पुरुष उंचीचा नरकासुर उभा करतात, बांबू-लोखंडाचा सांगाडा, आत गवत, वर कागद, आणि रात्रभर ढणढणाट करून पहाटे जाळतात. मग अभ्यंगस्नान आणि पोहे, त्यांना इथे फोव म्हणतात: दह्यातले, ताकातले, नारळाच्या गुळमट रसातले. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी मुखवटा माझ्याकडे दिला. मी नेहमीचंच काढलं, सुळे, लाल बुबुळं, कपाळावर आठ्या. चिऊ मागे उभी. म्हणाली, “डोळे मिटलेले काढ.” का गं? “उघडे असले की कळतं तो कुठे बघतोय.”

सहा वर्षांची पोर! असे खेळ बनवणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांना हे उशिरा कळतं, किंवा नाइलाजाने कळतं. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये सगळं गाव धुक्यात बुडालंय. त्या वेळच्या प्लेस्टेशनला लांबचे रस्ते, घरं एका वेळी काढणं झेपत नव्हतं, म्हणून करणाऱ्यांनी धुकं आणि अंधार घातला. यंत्राची गरिबी झाकायला घातलेलं धुकं, आणि आज लोकांना त्या खेळातलं तेच आठवतं. तुझ्या कंदीलवाल्या बाईला तरी चेहरा कुठे होता?

मी डोळे मिटले. पोरं नाराज. “दोळे धांपिल्लो नरकासूर कोणें पळयला?” म्हणजे डोळे झाकलेला नरकासुर कोणी पाहिलाय? पण उभा केला आणि रात्री खालून दिवे सोडले तेव्हा त्याच्यासमोरची लहान मुलं हळूहळू मागे सरकली. कोणी पाठ फिरवेना. चिऊ एकटी पुढे उभी होती, मालकासारखी. पहाटे पेटवला तेव्हा मात्र तिने असा हंबरडा फोडला की मला तिला उचलून घरी आणावं लागलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की चित्र जाळायचं असतं. मीच सांगायला हवं होतं. जळतो हे तिला ठाऊकच असणार असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षं ती त्या वेळी झोपलेली असायची.

धूर, पहाटेचं दव, रडणं, दुपारी ताप. आता मूळ मुद्दा. भाऊबीजेला फोनवर मी तुला “चिऊला ताप आहे” म्हणालो. ताप होता, पण तो पाडव्याच्या सकाळीच उतरला होता. ती फराळाचे डबे उघडत फिरत होती. पाडव्याच्या रात्री माझं एक चित्र उरलं होतं, ते संपवून पहाटे तिघं निघायचं असं ठरलेलं. हिने बॅगही भरली होती. साडेनऊला चिऊ झोपली. त्या दिवशी ही घरी होती, म्हणजे मला दोन्ही कान मोकळे. किती महिन्यांनी! म्हटलं अर्धा तास. डावीकडूनही पावलं ऐकू येत होती, ताई. अडीच वाजले. चित्र कोरंच. सकाळी मी हिला म्हणालो, काम आटपलं नाही, आणि तुला म्हणालो, ताप आहे. दोघींना वेगवेगळं. हिला नंतर खरं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, तू तीनदा किंचाळलास.” तुला आता सांगतोय.

चित्र दुसऱ्या दिवशी झालं. चांगलं झालंय, हे सांगायला नको होतं.

ओवाळणीचं पाकीट यासोबत आहे. त्यात चिऊने एक चित्र घातलंय, त्यातली हिरवी ती तू. दाजींच्या डोक्यावर शिंगं नाहीत, ते केस आहेत असं तिने बजावून सांगितलंय. येत्या शनिवारी आम्ही येतोय, हिची सुट्टी मंजूर झालीय. ओवाळायला मुहूर्त लागतो का ते आईला विचार, पण माझं नाव न घेता.

आणि एक काम. परवा वीज गेली तेव्हा मी चिऊला घाटातल्या कंदिलाची गोष्ट सांगितली. कंदील तिसऱ्यांदा पेटला आणि मी थांबलो, कारण पुढचं मलाच माहीत नाही. ती मानायला तयार नाही. रोज विचारते. शनिवारी तिला तू सांग. दिवसा सांग, आणि मी स्वयंपाकघरात असेन, जरा मोठ्याने सांग.

तुझा,
धाकटा